मोहाच्या रांगेवरून 760 मीटर

मे महिन्यातली दुपार, साडेतीनची वेळ. वैनगंगेच्या खोऱ्यातली एक खाजगी धावपट्टी, जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून अंदाजे 1000 फूट. विमान सेस्ना 172 एस. डाव्या सीटवर नुकताच नोकरीला लागलेला, अडीचशे तासही पुरे न झालेला वैमानिक आणि उजवीकडे मी, त्याचा प्रशिक्षक. पट्टी 760 मीटर लांब, पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या टोकाला मोहाची जुनी रांग, पश्चिमेच्या टोकापलीकडे मालगुजारी तलावाची पाळ. पहिल्या प्रयत्नात आम्ही अर्ध्याहून जास्त पट्टी हवेतच तरंगत काढली, उतरणं सोडून दिलं आणि पाळीवरून दहाएक मीटर उंचीने निघून गेलो. खरचटलंही नाही कोणाला. म्हणूनच हे लिहायला बसलो. काही मोडलं असतं तर चौकशी झाली असती, कागद झाले असते. काही मोडलं नाही की आपण चहा पितो आणि विसरतो.

जागेचं आणि माणसांचं नाव देत नाही. अंतरं चालून आणि दोरीने मोजलेली आहेत, दोन-चार मीटर इकडेतिकडे.

खरं तर जायचं होतं सकाळी. पट्टीचे मालक आणि त्यांच्या आई यांना नागपूरला आणायचं होतं. मालकांची रात्री पुढची फ्लाइट होती. सकाळी विमानाच्या एका टायरमध्ये हवा कमी निघाली, मग ते काम, मग नागपूरला लष्करी वाहतुकीमुळे थोडं थांबणं, आणि निघेपर्यंत तीन वाजले. या सगळ्यात मी एक फोन करायचा राहिलो. पट्टीवर राखणीला असलेल्या काकांना विचारायला हवं होतं की वारा कसा आहे. मालकांशी तीनदा बोललो. ते म्हणाले, "या हो, वातावरण एकदम क्लिअर आहे." वातावरण क्लिअरच होतं. पूर्वेकडे क्षितिजावर एक ढग वर चढत होता, तो त्यांच्या अंगणातून दिसत नसावा.

आता आकडे, कारण या प्रकरणाचा जीव त्यांच्यातच आहे.

172 एस च्या पुस्तकात शॉर्ट फील्ड लँडिंगचा, म्हणजे आखूड पट्टीवर उतरण्याचा, तक्ता असतो. पूर्ण वजन 2550 पौंड, म्हणजे 1157 किलो, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती) पूर्ण 30 अंश, 50 फुटांवर वेग 61 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर), कोरडी पक्की पट्टी, वारा शून्य. 1000 फूट उंचीला 40 अंश सेल्सिअसवर जमिनीवरची धाव 650 फूट आणि 50 फुटांच्या अडथळ्यावरून थांबेपर्यंतचं एकूण अंतर 1450 फूट. मीटरमध्ये 198 आणि 442. तक्ता 40 अंशांवर संपतो. विदर्भाचा मे तिथून सुरू होतो. त्या दुपारी 42 होतं.

हवा इतकी तापली की विमानाला ती विरळ लागते. 1000 फूट उंचीवरची पट्टी त्या तापमानात 4000 फुटांच्या पुढच्या उंचीवरची वाटते. पंखाला फरक पडत नाही, कारण काट्यावर 61 म्हणजे पंखासाठी 61च. पण जमिनीवरून विमान धावतं 65 नॉटने. काट्यावर हा फरक दिसत नाही, तो दिसतो ब्रेकना.

आता मोह. पट्टीच्या टोकापासून 45 मीटर अलीकडे ही झाडं. मालकांच्या जुन्या नकाशावर उंची 10 मीटर लिहिलेली. झाडाच्या शेंड्याच्या वर निदान 6 मीटर मोकळे हवेत हा माझा नियम. रोजच्या 3 अंशांच्या उतरणीने येणारं विमान 1 मीटर खाली यायला 19 मीटर पुढे जातं. जरा तीव्र उतरण धरली, फ्लॅप पूर्ण आणि पॉवर कमी, तर हेच 12 मीटरला 1 होतं. म्हणजे झाड 1 मीटरने वाढलं की तीव्र उतरणीला पट्टी 12 मीटर आखूड होते आणि साध्या उतरणीला 19. हा हिशोब तोंडपाठ असावा. पट्टी दर वर्षी मोजायची गरज नसते, झाड दर वर्षी मोजावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते मोजलं. मीटरभराची काठी उभी केली, तिची सावली घेतली, झाडाची सावली घेतली, भागाकार केला. सगळ्यात उंच झाड 14 मीटर निघालं. नकाशा काढल्यापासून चार मीटर वाढलं होतं आणि कोणी कागद बदलला नव्हता. मी वरून एकदा बघून "हो, दहा-बारा असतील" म्हटलं होतं. डोळ्यांनी झाडाची उंची सांगणाऱ्याने एकदा तरी काठी लावून बघावी.

14 अधिक 6 म्हणजे झाडावर 20 मीटर. तिथून 12ला 1 च्या उतरणीने आलो की पट्टीच्या टोकाच्या आत 15 मीटरवर आपण 50 फुटांवर असतो. तिथून पुस्तकातले 442 मीटर. म्हणजे 457 मीटरला थांबलो, पुढे 303 शिल्लक. छान वाटतं. पण पुस्तकातलं अंतर नव्या विमानाचं, नव्या ब्रेकचं आणि तेच काम रोज करणाऱ्या चाचणी-वैमानिकाचं. ब्रिटनचं नागरी विमान प्राधिकरण छोट्या विमानांच्या वैमानिकांना उतरण्याच्या अंतराला 1.43 ने गुणायला सांगतं. गुणलं की 632, आणि 15 धरून 647. शिल्लक 113. बसतं, पण अंगावर घट्ट बसतं. आमचं वजन कमाल वजनापेक्षा सव्वाशे किलो कमी होतं. तक्ता फक्त पूर्ण वजनाचाच दिलेला आहे, म्हणून ते मी खिशात राखून ठेवलं होतं.

हा सगळा हिशोब नागपूरला केला होता. चुकलाही नव्हता. चुकलं ते पुढे.

पट्टीवर एक घेरा घेतला. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, पूर्वेच्या टोकाला, मोहाच्या रांगेपासून थोडा आत, खांबावर मलूल लोंबत होता. वारा नाही असं आम्ही दोघांनी वाचलं. तिथे नेहमी पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, म्हणजे मोहावरून येऊन तलावाकडे. सकाळी वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे ते बरोबरही असतं. त्या दिवशी मात्र पूर्वेकडच्या ढगातून थंड हवा खाली पडून जमिनीवर पसरत होती. वारा पूर्वेचा होता, पाच-सहा नॉट. विंडसॉक झाडांच्या आडोशाला असल्यामुळे त्याला तो लागतच नव्हता. झाडांच्या रांगेमागे वाऱ्याची सावली झाडाच्या उंचीच्या दहापटीहून लांब पडते. 14 मीटरच्या रांगेमागे दीडशे मीटर तरी. आणि खांब उभा होता नेमका त्या सावलीत.

दिसायला मात्र सगळं दिसत होतं. काकांच्या चुलीचा धूर तलावाकडे चालला होता. मी तो बघितलाच नाही, कारण मी विंडसॉक बघत होतो.

फायनलला, म्हणजे पट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पोराने विमान नीट आणलं. 500 फुटांवर फ्लॅप पूर्ण, 63 नॉट, मध्यरेषेवर. खाली उन्हाळ्यातल्या धानाच्या रिकाम्या बांध्या, काळी-तांबडी माती तापलेली. तिथून येणारा उकाड्याचा झोत विमानाला वर ढकलत होता. झाडं जवळ येऊ लागली तसा त्याचा हात पॉवरवर गेला. थोडी, मग अजून थोडी. मला ते कळलं आणि मी बोललो नाही. झाड समोर असताना पॉवर वाढवणाऱ्याला "कमी कर" म्हणायला जीभ जड होते. मोहावरून गेलो तेव्हा काट्यावर 69 होते. टॅबलेटच्या जीपीएस नोंदीत नंतर बघितलं तर झाडावर उंची 20 नाही, 27 मीटर आणि जमिनीवरचा वेग 80 नॉट.

झाडांच्या सावलीत शिरताच मागचा वारा एकदम पडला. मागून ढकलणारा वारा थांबला की क्षणभर विमानाचा हवेतला वेग वाढतो, ते आणखी तरंगतं. उतरायला आलेल्या विमानाला ही मदत नकोच असते. चाकं जमिनीपासून मीटरभर वर आणि पट्टी खालून पळतेय. अर्ध्यावर पांढरा रंग दिलेला एक दगड आहे, 380 मीटरवर. तो खालून गेला तरी चाकं टेकली नव्हती.

"गो अराऊंड," मी म्हणालो. म्हणजे उतरणं सोड, परत वर चल.

"सर, बसतंय, बसतंय."

"गो अराऊंड!"

एवढ्या संवादाला तीन सेकंद. त्या वेगाने तीन सेकंदांत सव्वाशे मीटर जातात. त्याने पूर्ण पॉवर दिली आणि दुसऱ्या हाताने फ्लॅपचा दांडा सरळ वर ओढायला घेतला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. 30 वरून 20, वेग 60, मग अडथळा गेल्यावर 10, आणि 65 झाल्यावर शून्य, हा क्रम पुस्तकात लिहिलेला आहे आणि त्यामागे कारण आहे. फ्लॅप एकदम मिटले तर पंखाचा आधार एकदम जातो, विमान बसतं, आणि बसायला तिथे फक्त पाळ होती. पाळीच्या वरून गेलो तेव्हा तलावात म्हशी होत्या. एकीने मान वर केलेली मला दिसली. इतक्या जवळून म्हैस दिसणं बरं नाही.

नंतर नागपूरला कागदावर मांडलं. सेस्नाच्या तक्त्याची तळटीप म्हणते, मागचा वारा दर 2 नॉटला अंतर 10 टक्के वाढवा. 6 नॉट म्हणजे 30 टक्के, 442 चे झाले 575. वेग 61 ऐवजी 69, म्हणजे ऊर्जा 28 टक्के जास्त. 575 चे झाले 736. 50 फुटांच्या जागेचे 15 धरून 751. पट्टी 760. त्यात झाडावर 7 मीटर जास्त उंच होतो, 12ला 1 ने त्याचे 84 मीटर. एकूण 835. पट्टीच्या टोकापासून पाळीचा पायथा 70 मीटरवर, म्हणजे आपल्या मोजमापात 830.

हा अंदाज आहे, इतका काटेकोर की खरा वाटू नये. वजन कमी होतं, म्हणून कदाचित अलीकडे थांबलो असतो. पण वजन कमी असेल तर 61 सुद्धा जास्तच. आमच्या वजनाला 57 पुरले असते. 57 च्या विमानाला 69 ने आणलं की ते तरंगणारच. आणि ब्रेकच्या दृष्टीने साधा हिशोब घ्या: ठरलेला जमिनीवरचा वेग 65, प्रत्यक्ष 80. ऊर्जा दीडपट.

यात मला जे सांगायचं आहे ते एवढंच. झाडाची भीती वाटली की माणूस दोन गोष्टी करतो, उंच येतो आणि वेगात येतो. दोन्ही त्याला सुरक्षित वाटतात, कारण झाड तिथे आहे आणि दिसतंय. पण झाडावर खर्च केलेली ती सावधगिरी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला वसूल होते, आणि ते टोक त्या क्षणी दिसत नसतं.

आणि ही सवय त्याला मी लावली होती. महिन्यापूर्वी नागपूरला सर्किट, म्हणजे पट्टीभोवती सरावाच्या फेऱ्या, करताना मीच म्हणालो होतो, "वेग जरा राखून ठेव, काही बिघडत नाही." नागपूरला पट्टी 3200 मीटर आहे. तिथे खरंच काही बिघडत नाही. लांब पट्टीवर शिकवणं म्हणजे उधारीवर दुकान चालवणं. वसुली आखूड पट्टीवर होते आणि ती भलत्याकडून होते.

त्याने काय करायला हवं होतं? झाडाकडे बघणं सोडून वेगाच्या काट्याकडे आणि उतरायच्या ठिकाणाकडे आळीपाळीने बघायला हवं होतं. उतरायचं ठिकाण काचेत स्थिर राहिलं आणि त्याच्या खालून झाडांचे शेंडे सरकत मागे गेले, तर विमान झाडांवरून जाणारच. शेंडे वर चढत ठिकाण झाकू लागले तर जाणार नाही, मग पॉवर. एवढीच खूण. पॉवर भीतीने नाही, खुणेने द्यायची. जास्त उंच राहिलो तर विमान आडवं घसरवून उंची पाडायचा मोह अनेकांना होतो. 172 च्या पुस्तकात 20 अंशांपेक्षा जास्त फ्लॅपवर जोराचं घसरवणं टाळायला सांगितलं आहे, शेपटीवरचं एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं पातं) थरथरतं म्हणून. उंच आलोय तर परत फिरायचं, तेवढंच. पूर्ण फ्लॅप टाकले, पॉवर अगदी कमी, आयडल केली तरीही उंच, याचा अर्थ वारा मागून आहे. तसं दिसलं की विंडसॉक काय म्हणतो ते सोडून द्यावं.

चाकं टेकल्यावरचं काम सोपं आहे आणि ते त्याला येत होतं: फ्लॅप मिटायचे म्हणजे वजन चाकांवर येतं, योक (विमानाचं स्टिअरिंग) पोटाकडे, मग ब्रेक, चाक न घासता जेवढा देता येईल तेवढा.

तलावाच्या बाजूने का नाही उतरलो, हा प्रश्न पोराने परतीच्या वाटेत विचारला आणि तो चांगला प्रश्न होता. पाळ फक्त 4 मीटर उंच आणि 70 मीटर दूर. 12ला 1 च्या उतरणीला ती 48 मीटर मागते, म्हणजे पट्टी पहिल्या मीटरपासून आपली. वाराही समोरून मिळाला असता. हिशोब उत्तम. पण त्या बाजूने परत फिरायची वेळ आली तर समोर 14 मीटरचे मोह, 42 अंश, आणि उतरणं फसल्यावर गोंधळलेला वैमानिक. शिवाय ज्या ढगाने हा वारा सोडला तो पूर्वेला उभाच होता आणि मोठा होत होता. सहा नॉटचा वारा वीस कधी होईल सांगता येत नव्हतं. इंधन पुरेसं होतं. मी म्हणालो, "नागपूर." मालकांना फोन हवेतून करता येत नाही, म्हणून त्यांना तो निर्णय आमचं विमान पश्चिमेला बारीक होत जाताना कळला. ते चिडले. गाडी काढून महामार्गाने नागपूरला गेले, फ्लाइट मिळाली.

संध्याकाळी काकांना फोन केला, जो दुपारी करायचा होता.

"धूर तळ्याकडे जाऊन रायला होता साहेब. मी हात हालवून रायलो होतो, तुमाले दिसलोच नाही. तुमी गेले अन् वीस मिनिटांनं असं वावधन आलं, शेडचे दोन टिन उडाले."

आणखी एक गोष्ट त्या रात्री हिशोबात सापडली आणि ती मला जास्त लागली. समजा आम्ही उतरलो असतो, अगदी सुंदर उतरलो असतो. मग मालक, त्यांच्या आई, सामान, म्हणजे जवळजवळ पूर्ण वजन. त्याच तक्त्यात 1000 फूट आणि 40 अंशांना 50 फूट उंची गाठेपर्यंतचं उड्डाणाचं अंतर 2135 फूट आहे, 651 मीटर. उड्डाणासाठी तेच ब्रिटिश प्राधिकरण 1.33 ने गुणायला सांगतं. 866. पट्टी 760. या विमानाला उतरायला जेवढी जागा लागते त्याच्या दीडपट उडायला लागते, हे मला माहीत होतं, शिकवतो मी ते. पण त्या दिवशी फक्त उतरण्याचा हिशोब केला, उडण्याचा नाही. निघायची घाई जाण्यात होती, परतण्याचा विचार पोचल्यावर करायचा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो, प्रवासी नाहीत, फक्त मोजायला. 29 अंश, वारा पश्चिमेचा चार नॉट, काकांच्या चुलीचा धूर मोहाकडे. पोराने झाडावर 62 ठेवले, 240 च्या आसपास चाकं टेकली आणि ब्रेकवर उभं न राहता 470 ला थांबला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मग दोरी घेऊन फिरलो. छोट्या, साध्या पट्टीसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणते की उतरण्याच्या टोकाच्या 30 मीटर आधीपासून 20ला 1 चा उतार मोकळा हवा. 14 मीटरचं झाड 20 ने गुणलं की 280, अधिक 30, म्हणजे झाडापासून 310 मीटर. त्यातले 45 पट्टीबाहेरचे. राहिले 265. मोहाकडून उतरण्याचं खरं टोक पट्टीच्या 265 मीटर आत आहे. 760 ची पट्टी, त्या बाजूने उतरायला 495 ची. जुन्या नकाशातल्या 10 मीटरच्या झाडाला हेच टोक 185 आत पडलं असतं. उरलेले 80 मीटर झाडांनी खाल्ले, दर वर्षी थोडेथोडे, आवाज न करता.

झाडं तोडता आली असती का? मालकांनी विचारलं. मोह राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे, सागाबरोबर. परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण तो प्रश्न कायद्यापर्यंत गेलाच नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या रांगेखाली पहाटे चार घरच्या बायका मोहफुलं वेचतात. मालकांच्या आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाडं राहतील. तुमी विमान सकाळी आणत जा." मला ते पटलं. पट्टी त्यांच्या सासऱ्यांनंतरची आहे, झाडं आधीची.

म्हणून जे बदललं ते असं. मोहाकडून 265 मीटरवर नवं टोक रंगवलं, उड्डाणाला मात्र पूर्ण पट्टी. त्या टोकापासून पुढे 150 मीटरवर पिवळे दगड, तिथपर्यंत चाकं टेकली नाहीत तर चर्चा न करता परत. पिवळे दगड ठरवताना तो तीन सेकंदांचा संवाद धरला आहे. 300 फुटांवर वेग 64 च्या वर असेल तरी परत. एप्रिल ते जून प्रवासी असतील तर सकाळी नऊनंतर नाही, आणि चार माणसं असतील तर इंधन फक्त नागपूरपुरतं अधिक राखीव. निघण्यापूर्वी काकांना फोन, आणि त्यात एकच प्रश्न: धूर कुठे चालला आहे.

नवा विंडसॉक पट्टीच्या मध्यावर, उघड्यावर लावला. जुना खांब अजून मोहापाशीच आहे. काका त्याला गाय बांधतात.